घासून काढलेल्या रेघा

ते प्रकरण मी विसरलो आहे, असं सांगायला मला आवडलं असतं. निवृत्त पोलीस अधिकारी आठवणी लिहायला बसतात तेव्हा दरोडा, खून, टोळी असं काहीतरी निवडतात. माझ्याकडेही त्यातलं दोन-तीन आहे आणि मंडळाच्या कार्यक्रमात मी ते रंगवून सांगतोही. हे मात्र कुठे सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा अर्धंच सांगितलं होतं. यात खून नाही, दरोडा नाही. एक दातेरी चाक आहे आणि एक मिस्त्री. रिवाजाप्रमाणे कुणाचंही नाव देत नाही.

बारा-तेरा वर्षं झाली असतील. मी तेव्हा दक्षिण बडोद्यातल्या एका ठाण्यात पी.एस.आय. होतो. ती इमारत आता पाडली, पण माझ्या डोळ्यांसमोर अजून जशीच्या तशी उभी आहे. आत शिरलं की उजवीकडे ठाणे अंमलदाराचं टेबल, त्यावर लाल कापडाच्या पाठीची रजिस्टरं. भिंतीला वायरलेसचा सेट, तो दिवसभर खरखरत असायचा. सकाळी हजेरी झाली की जमादार स्वतःच्या हाताने चहा करायचे, कारण टपरीवाल्याचा चहा त्यांना पसंत नव्हता. शनिवारी सगळ्यांसाठी सेव-उसळ यायची आणि तिखट तर्रीवरून दोन हवालदारांची हटकून भांडणं व्हायची. दाराबाहेर लिंबाच्या झाडाखाली सिमेंटचा बाक होता. समोरच रस्ता. पाळी सुटली की त्या रस्त्यावरून मकरपुऱ्याच्या कारखान्यांतली माणसं घरी जायची. आधी मोटरसायकली, मग कंपन्यांच्या बसगाड्या. पाऊण तास रस्ता ओलांडता येत नसे. मला ती वेळ फार आवडायची. चहाचा कप घेऊन मी दारात उभा राहायचो, ओळखीचे लोक हात करायचे, "केम छो साहेब" म्हणत पुढे जायचे.

घरात आम्ही मराठी, ठाण्यात गुजराती. आजोबा संस्थानच्या दप्तरात कारकून होते, वडील शाळामास्तर. पोलिसात गेलेला घरातला मी पहिलाच. त्यामुळे ठाण्यात मी थोडा जास्तच कडक राहायचो, हे आता कळतं.

तर एका सकाळी कोकणातून एक गृहस्थ आले. साठीचे, इतिहासाचे निवृत्त शिक्षक. खांद्यावर गोणपाटात बांधलेलं काहीतरी जड. ते त्यांनी माझ्या टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, "साहेब, हे खोटं आहे. खरं इथे बडोद्यात कुणीतरी ठेवून घेतलं."

त्यांना आपण सर म्हणू. सरांनी आणि त्यांच्या गावातल्या चार-पाच जणांनी मिळून एका खाडीच्या तोंडाशी लहानसं संग्रहालय उभं केलं होतं. दुसऱ्या महायुद्धाच्या वेळी तिथल्या किनाऱ्यावर सैनिकांना बोटीतून जमिनीवर उतरायला शिकवत असत. सपाट तळाच्या बोटी. बोटीचं तोंड म्हणजे एक मोठा दरवाजाच. बोट वाळूला टेकली की हातरहाट फिरवून दोर सैल करायचा, दरवाजा खाली पडायचा आणि पाठीवर ओझं, डोक्यावर बंदूक धरून माणसं छातीभर पाण्यात उतरायची. सर सांगत होते की त्यातल्या कित्येकांनी त्याआधी समुद्र पाहिलाही नव्हता.

गोणपाटात त्या हातरहाटाचं दातेरी चाक होतं. जेवणाच्या ताटाएवढं, गनमेटलचं, नव्या पितळी समईसारखं झळाळणारं.

"मूळ चाक काळं पडलं होतं," सर म्हणाले. "आणि त्याच्या सपाट बाजूवर रेघा होत्या. चाकूच्या टोकाने ओरखडलेल्या. सरावात एकदा दरवाजा पाडला की एक रेघ. चार उभ्या, पाचवी आडवी. साहेब, नकाशे, कागद, सगळं तेव्हाच सरकार घेऊन गेलं. त्या माणसांनी आपल्या हाताने केलेली एवढीच खूण आमच्याकडे उरली होती."

चाक अडकत होतं आणि ते अडवणारी खिट्टी तुटली होती. शाळेच्या सहलींना हातरहाट फिरवून दाखवता यावा म्हणून सरांनी ते दुरुस्तीला द्यायचं ठरवलं. त्यांचे मेहुणे मकरपुऱ्यातल्या एका कंपनीत होते. ते म्हणाले, इथे वसाहतीत एक मराठी मिस्त्री आहे, हात सोन्याचा. महिनाभराने चाक परत आलं ते असं, आरशासारखं. रेघ एकही नाही. सरांनी मेहुण्यांना फोन केला, मेहुण्यांनी मिस्त्रींना विचारलं, मिस्त्री म्हणाले हेच ते. सरांचा विश्वास बसला नाही. अशा जुन्या वस्तूंचे शौकीन असतात, हे त्यांना ठाऊक होतं. नक्कल ओतून परत पाठवली आणि अस्सल विकलं, असा त्यांचा अर्ज होता.

विश्वासाने सोपवलेली वस्तू लाटली, असा तो मामला. मी अर्ज घेतला, गुन्हा नोंदवला नाही. आधी चौकशी करू म्हटलं.

मिस्त्रींची शेड मकरपुऱ्याच्या वसाहतीत होती, दोन लेथ आणि एक ड्रिल. जमादारांनी त्याच दिवशी शेजारच्या शेडवाल्याकडून खबर आणली. तो माणूस स्वतः लेथवालाच, म्हणजे धंद्यातला स्पर्धक. त्याचं म्हणणं असं: "महिनो थयो साहेब, मिस्त्री पॅटर्न लईने ढाळवावाळाने त्यां गयेला." म्हणजे मिस्त्री लाकडी नमुना घेऊन ओतकाम करणाऱ्याकडे गेले होते.

मी ओतकामवाल्याला फोन लावला. "मिस्त्रीने तुझ्याकडे गनमेटल ओतून घेतलं?"

"हा साहेब, लीधुं."

बस. मी फोन ठेवला. काय ओतलं, केवढं ओतलं, हे विचारलं नाही. सव्वीस वर्षांच्या नोकरीत मी नव्या मुलांना शिकवत आलो की हवं ते उत्तर मिळालं की पुढचा प्रश्न विचारायचा. त्या दिवशी मी स्वतः तो विचारला नाही.

मिस्त्रींना बोलावलं. ते सायकलवर आले, कामाच्या कपड्यांत. पंचावन्नच्या आसपासचे, मूळचे खानदेशातले, तीस वर्षं बडोद्यात. हात काळे, नखांच्या कडांत कायमचं ग्रीस. खुर्चीच्या टोकावर बसले. माझ्या नावाची पाटी वाचली आणि त्यांचा चेहरा सैल झाला. मराठी साहेब आहे, आता ऐकून घेईल, असं त्यांना वाटलं असणार.

मी मात्र पहिल्या वाक्यापासून अरे-तुरेवर होतो. वयाने ते माझ्यापेक्षा चांगले पंधरा वर्षांनी मोठे.

"अस्सल चाक कुठंय?"

"हे काय तुमच्या टेबलावर, साहेब."

"यावर रेघा होत्या."

"होत्या ना. घासल्या मी."

"का?"

मिस्त्रींना प्रश्नच कळला नाही. "का म्हणजे? कुणीतरी खिळ्याने ओरबाडलं होतं ते. असं काम मी परत देतो होय? लेथवर लावलं, तोंड साफ घेतलं, मग पॉलिश मारलं. तुम्ही हात फिरवून बघा, नख अडकणार नाही."

जमादार मोठ्याने हसले. "वाह! सित्तेर वर्षनी चीज अने आ भाई कहे छे पॉलिश मार्युं." मग माझ्याकडे वळून डोळा मिचकावला, "साहेब, तमारा मराठी भाई तो पाका नीकळ्या."

हे वाक्य आज कागदावर लिहिताना साधं दिसतं. तेव्हा ते मला लागलं. आपल्यातला म्हणून सोडला, असं ठाण्यात कुणी म्हणू नये, याची मला कायम धास्ती असायची. गुजराती माणूस समोर असता तर मी कदाचित शांतपणे ऐकलं असतं. मिस्त्रींना मी आणखी तासभर उलटसुलट विचारलं. दर वेळी तेच उत्तर. घरी कागद आहे, आणून दाखवतो, असं एकदा म्हणाले; मी पुढे बोलू दिलं नाही. ओतकामाचं विचारलं तर म्हणाले, खिट्टी ओतून घेतली, तुटली होती ना. मी म्हटलं, खिट्टीच्या नावाखाली चाक ओतलंस. ते गप्प बसले. गप्प बसणं म्हणजे कबुली, असं मी तेव्हा मानायचो.

माझी एक ख्याती होती. मी कधी कुणावर हात उचलला नाही. वरिष्ठ माझं उदाहरण द्यायचे. ते खरंही होतं. पण मला हात उचलायची गरज पडत नसे, कारण माझ्याकडे बाहेरचा तो बाक होता.

पाळी सुटायच्या आधी दहा मिनिटं मी मिस्त्रींना म्हटलं, "जा, बाहेर बाकावर बस. बोलावलं की आत ये." आणि शेजारी एक हवालदार उभा केला.

काय होतं ते सांगायला नको. मकरपुऱ्यातला प्रत्येक टर्नर, फिटर, वेल्डर त्या रस्त्याने जातो. मिस्त्रींना ओळखत नाही असा त्यात क्वचित. मोटरसायकली हळू व्हायला लागल्या. कंपनीच्या बसच्या खिडकीतून कुणीतरी ओरडलं, "अरे मिस्त्री, शुं थयुं?" मिस्त्रींनी हात वर केला, जणू काही नाही, असंच बसलोय. दुसऱ्या बसला तो हात वर गेला नाही. मान खाली गेली. मी दारात चहा पीत उभा होतो.

दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलावलं, पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी पुन्हा. तिन्ही दिवस सकाळी दहा ते संध्याकाळी सात मिस्त्री ठाण्यात होते आणि स्टेशन डायरीत त्याची एक ओळ नाही. आमच्याकडे त्याला "बसवलंय" म्हणतात. अटक नाही, सुटका नाही, बसवलंय. त्या दिवसांत त्यांची बायको दुपारी डबा घेऊन यायची. तिच्या हातात डब्याबरोबर कागदाची एक गुंडाळीही असायची. ठाणे अंमलदार म्हणायचा, "डबा ठेवा, अर्ज नंतर." एकदा तिने माझ्याकडे पाहून "भाऊसाहेब, जरा..." एवढं म्हटलं. मी फोनवर होतो. हाताने खूण केली, नंतर.

तिसऱ्या दिवशी पाळी सुटायची वेळ झाली, मी म्हटलं, "चल, बाहेर बस," तेव्हा मिस्त्रींनी टेबलाची कड धरली.

"नका ना साहेब. विकलं मी ते. भंगारात दिलं. लिहून घ्या."

मी लिहून घेतलं. फार बरं वाटलं होतं, हे लपवत नाही. जमादारांनी चहा मागवला, या वेळी टपरीचा.

भंगारवाल्याचं दुकान त्यांनी शहराच्या दुसऱ्या टोकाचं सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पंच घेऊन तिथे गेलो. दुकानात नुसती रद्दी आणि प्लॅस्टिकच्या बाटल्या. म्हातारा मालक घाबरून उभा राहिला.

"गनमेटल? साहेब, हूं तो पस्तीवाळो. लोखंडही घेत नाही. वजनाचा काटा बघा ना माझा, पोरांच्या खेळण्यासारखा."

मी मिस्त्रींकडे पाहिलं. ते दुकानाच्या पाटीकडे बघत होते. मग हळूच म्हणाले, "बसमधून जाताना ही पाटी दिसायची. दुसरं नाव आठवलं नाही, साहेब."

पंच हसले. मला हसू आलं नाही. खोटी कबुली ओळखायला काही वर्षं नोकरी पुरते, आणि मी ती आदल्या दिवशीच ओळखायला हवी होती. खऱ्या चोराला दुकानाचा पत्ता पाठ असतो. हे तर बसच्या खिडकीतून पाहिलेली पाटी सांगत होते.

जीप मी सरळ तरसालीला घ्यायला सांगितली, मिस्त्रींच्या घरी. दोन खोल्या, दारात तुळस, आत शिलाईचं मशीन. त्यांच्या बायकोला, म्हणजे वहिनींना, मी विचारलं, "तुम्ही रोज कागद घेऊन येत होता, तो कसला?"

त्या उठल्या. आत गेल्या, गुंडाळी आणली आणि शिलाईच्या मशीनवर उलगडली. "हाच. तिन्ही दिवस दाखवायला आणला होता," एवढंच म्हणाल्या.

जुन्या कारागिरांची एक पद्धत असते, ती मला माहीत नव्हती. दातेरी चाक कामाला आलं की ते लेथवर चढवण्याआधी त्यावर कागद दाबून ग्रीसचा हात फिरवायचा. दाते, भोक, खाचा, सगळ्याचा जसाच्या तसा छाप उठतो. काम बिघडलं तर मूळ माप हाताशी राहतं. मिस्त्री प्रत्येक कामाचा असा छाप घेऊन ठेवायचे. या कागदावर चाकाच्या दोन्ही बाजू होत्या. एका बाजूला काळ्या ग्रीसमध्ये पांढऱ्या उमटलेल्या रेघा. चार उभ्या, पाचवी आडवी. जुडग्यांमागून जुडगी, अर्ध्या चाकापर्यंत. मग एक अपुरं जुडगं, तीन रेघांचं. त्यापुढे कोरं.

मी सरांना पुन्हा बोलावून घेतलं. ते येईपर्यंत ओतकामवाल्याकडे स्वतः जाऊन आलो. त्याने बोटाएवढा लाकडी नमुना दाखवला. खिट्टीचा.

सर आले. माझ्या टेबलावर कागद पसरला, त्यावर चाक ठेवलं. एक दाता बाकीच्यांपेक्षा जाड होता, तो छापातही जाड. मागची बाजू लेथवर गेलीच नव्हती, तिथे ओतकामातली तीन बारीक छिद्रं होती. छापातल्या तीन ठिपक्यांवर ती अचूक बसली. नक्कल ओतणारा असल्या छिद्रांची नक्कल करत नाही. चाक अस्सल होतं, पहिल्यापासून माझ्याच टेबलावर होतं.

मला वाटलं सर खूश होतील. ते खुर्चीत बसले आणि चाकाच्या गुळगुळीत बाजूवरून बोट फिरवत राहिले. मग म्हणाले, "चोरीला गेलं असतं तर कधीतरी सापडलं तरी असतं."

मिस्त्री कोपऱ्यात उभे होते. ठाण्यातल्या तीन दिवसांतही मी त्यांचा चेहरा इतका पडलेला पाहिला नव्हता. "सर, मला कुणी सांगितलं नाही हो," ते म्हणाले. "मेहुणे म्हणाले, चांगलं करून द्या. मी चांगलं केलं."

"माझंच चुकलं," सर म्हणाले. "मी सांगायला हवं होतं. मला वाटलं, दिसतंच आहे."

मग दोघं त्या कागदावर वाकले. सर एकेक जुडगं मोजत होते आणि मिस्त्री त्यांना सांगत होते, ही रेघ खोल होती, ही वरवरची, ही नंतर कुणीतरी दुसऱ्याने मारली असणार, हात वेगळा आहे. सर चष्मा पुसून पुन्हा बघत होते. माझ्याकडे दोघांचंही लक्ष नव्हतं.

निघताना मिस्त्री माझ्यासमोर थांबले. "साहेब, एक काम करा. शेडवर या एकदा. गाडी घेऊन, वर्दीत. चार लोकांसमोर सांगा की मिस्त्रीने काही केलं नव्हतं. एवढंच."

"येतो," मी म्हणालो.

अर्जावर मी अहवाल लिहिला: अर्जदार व सामावाळा यांच्यात गैरसमज झाल्याचे निष्पन्न, सबब अर्ज दफ्तरी दाखल. सामावाळा म्हणजे ज्याच्याविरुद्ध अर्ज आहे तो. एका ओळीत काम झालं. त्या ओळीत तीन दिवस नव्हते, बाक नव्हता, खोटी कबुली नव्हती. कबुलीचा कागद मी फाडला.

शेडवर गेलो नाही. आधी गणपतीचा बंदोबस्त होता, मग नवरात्र, मग निवडणूक. ही कारणं मी स्वतःला देत असे. खरं कारण दुसरं होतं. माझी बढतीची फाईल वर गेली होती. चार लोकांसमोर मी बोललो असतो आणि त्यातल्या एखाद्याने विचारलं असतं, मग साहेब, तीन दिवस बसवलं कशाला, आणि डायरीत आहे का ते? फाईल तिथेच अडकली असती. बढती आली, बदली झाली, मी गेलो.

पुढचं मला तुकड्यातुकड्यांनी कळत गेलं. ज्या दोन कंपन्यांचं काम मिस्त्रींकडे नेहमीचं होतं त्यांनी ते हळूहळू थांबवलं. कुणी तोंडावर काही बोललं नाही. तरसालीच्या मंडळात दर वर्षी गणपतीचं मखर तेच करायचे, त्या वर्षी "या वेळी तरुणांना करू द्या" असं ठरलं. वर्षभरात त्यांनी शेड बंद केली आणि छाणीला एका अनोळखी माणसाच्या लेथवर कामाला लागले. तरसाली ते छाणी, म्हणजे शहराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, रोज. तिकडे त्यांना कुणी ओळखत नव्हतं, म्हणून तिकडे.

मी मुदतीआधीच निवृत्ती घेतली. कारण विचारलं की मी तब्येत सांगतो. गेल्या हिवाळ्यात बायको म्हणाली, कोकणात जाऊ. गेलो. आणि तिला न सांगता मी गाडी त्या खाडीच्या दिशेने वळवायला लावली.

संग्रहालय म्हणजे कौलारू छपराची एक लांब खोली, उघड्या खिडक्यांतून खारा वारा. भिंतीवर फोटो: छातीभर पाण्यातली माणसं, ओठ घट्ट मिटलेली. मध्ये हातरहाट. एका शाळेची सहल आली होती, मुली आळीपाळीने तो फिरवत होत्या आणि खिट्टी टक टक वाजत होती. चाक पुन्हा जरा काळं पडायला लागलं होतं. शेजारी काचेमागे तो ग्रीसचा छाप. त्याखाली मराठीत पाटी होती. तिच्यात रेघांची माहिती होती आणि शेवटी दोन वाक्यं: या रेघा दुरुस्तीच्या वेळी माझ्या हातून चुकून घासल्या गेल्या. छाप मी आधी घेतला होता. खाली मिस्त्रींचं पूर्ण नाव, बडोदे.

सर आता पंचाहत्तरीच्या जवळ आहेत. त्यांनी मला ओळखलं. म्हणाले, "पाटी मी वेगळी लिहिली होती हो. कारागिराकडून, अनवधानाने, असं मोघम. काही महिन्यांनी ते स्वतः इथे आले आणि म्हणाले, मोघम नको. चूक माझी आहे, माझं नाव घाला. नाहीतर लोक म्हणतील, कुणीतरी चोरट्याने केलं."

पाटीवरच्या नावाकडे बघत बायकोने विचारलं, "हे कोण?" मग परतीच्या वाटेवर मी तिला उरलेलं अर्धं सांगितलं.

या प्रकरणाने मला काय शिकवलं, असं अशा लेखाच्या शेवटी लिहायची पद्धत आहे. मारलं नाही म्हणून आपण चांगले, असं मला वाटायचं. तसं नसतं. माणसाची अब्रू त्याच्या कामाच्या वाटेवर पसरलेली असते आणि ती तिथेच, त्याच लोकांसमोर, घेतली जाते. ती परत करायची तर तिथेच जावं लागतं. अहवालाच्या ओळीने ती परत होत नाही. आणखी एक. ज्याला आपलं काम ठाऊक आहे, तो स्वतःची चूक अंगावर घ्यायला फार वेळ लावत नाही. मिस्त्रींना काही महिने लागले. मला बारा वर्षं.

इथवर लिहून झाल्यावर मी हा मजकूर घेऊन तरसालीला गेलो. छापायच्या आधी त्यांनी ऐकावा, एवढंच मनात होतं. मिस्त्री आता सत्तरीला आलेत, काम सोडलंय. वहिनींनी दार उघडलं, मला ओळखलं, आणि खुर्ची पुढे केली. मी वाचायला लागलो. बाकाचा भाग आला तेव्हा वहिनी उठून आत गेल्या. भांड्यांचा आवाज येत राहिला. मिस्त्री डोळे मिटून ऐकत होते. रद्दीवाल्याच्या पाटीचा भाग आला तेव्हा मात्र ते एकदा हसले.

वाचून झालं. मी कागद नीट केले.

"बरोबर लिहिलंय," मिस्त्री म्हणाले. "सगळं आलंय. एक विचारू?"

"विचारा ना."

"हे मराठीत लिहिलंत तुम्ही."

"हो."

"मकरपुऱ्यात मला त्या बाकावर ज्यांनी पाहिलं ना साहेब, त्यातलं मराठी वाचणारं कोण आहे?"

सव्वीस वर्षं मी रोज गुजरातीत लिहिलं. जबाब, पंचनामे, केस डायऱ्या, आणि त्यांच्यावरची ती एक ओळही गुजरातीतच. आणि खरं सांगायची वेळ आली तेव्हा नेमकी ती भाषा घेतली जी त्या रस्त्यावर कुणी वाचणार नाही. हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं, असं मी त्यांना सांगणार होतो. पण मग मीच थांबलो. आलं नव्हतं का, हे मला स्वतःलाच खात्रीने सांगता येत नाही.

"गुजरातीत लिहितो," मी म्हणालो. "नावं घालून. आधी माझं."

"आणि ठाण्यात ठेवू नका कुठे. वाचनालयातही नको."

"नाही. शेडशेडवर जाऊन देतो. पाळी सुटायच्या वेळी फाटकावर उभा राहतो, हातात देतो."

मिस्त्रींनी मान हलवली. आतून वहिनी चहा घेऊन आल्या. माझा कप त्यांनी माझ्या हातात दिला नाही, स्टुलावर ठेवला. मी तो घेतला.

गुजराती मजकूर आता पुरा होत आला आहे. परवा मिस्त्रींना फोन करून विचारलं, मी सोमवारी मकरपुऱ्याला जातोय, तुम्ही बरोबर याल का, लोकांना बरं वाटेल.

ते म्हणाले, "नाही साहेब. तुम्ही एकटेच जा. मीही एकटाच बसलो होतो."